शिवाराच्या दोन पाळ्या

2019 च्या फेब्रुवारीत यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर बसवण्यात आली. पावसाळ्याच्या तोंडावर तो आईचं रान सोडून स्वतःसाठी जागा शोधायला निघाला. यवतमाळ, नांदेड, हिंगोली, वाशीम, मध्येच तेलंगणातलं आदिलाबाद असा वळसे घेत तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा त्याची तेराशे किलोमीटरची चाल नोंदली गेली होती. पुढच्या काही महिन्यांत हा आकडा तीन हजारांच्या वर गेला आणि लोक त्याला ‘वॉकर’ म्हणू लागले. तो कापसाच्या, तुरीच्या, सोयाबीनच्या शिवारांतून गेला, डांबरी रस्ते ओलांडले, गावांच्या कडेनं निघून गेला. रात्री चालायचा, दिवसा झुडपात पडून राहायचा, रानडुकरावर किंवा एखाद्या गुरावर भूक भागवायचा. एवढ्या प्रवासात माणूस जखमी झाल्याचा जो प्रसंग नोंदला गेला, तो भर दिवसाचा आहे. वाघ जिथं विसावला होता, त्याच झुडपात माणसांचा एक घोळका शिरला होता.

मराठवाड्यात जंगली जनावरांसोबत राहण्याविषयी जे काही सांगायचं, त्याचा गाभा या एका प्रसंगात आहे. जनावर गावाजवळून जातं, यात फारसा धोका नसतो. धोका तयार होतो तो चुकीच्या वेळी, चुकीच्या अंतरावर दोघं समोरासमोर आल्यावर. म्हणून नांदेड-लातूरच्या माणसानं वेळ आणि अंतर या दोन गोष्टींचा हिशेब नीट मांडायला हवा. तो मांडताना लक्षात येतं की आपल्या हातात बरंच काही आहे, आणि काही गोष्टी फक्त सरकारच्या हातात आहेत.

दोन्ही जिल्हे शेजारी असले तरी रानाच्या बाबतीत त्यांचं काही जुळत नाही. किनवट-माहूरकडे सागाचं जंगल आहे, पैनगंगेच्या काठाला अभयारण्य लागून आहे. तिथं अस्वल, बिबट्या, तरस हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी आहेत आणि वाघाचं येणं-जाणं आहे. लातूरचं नाव मात्र राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत घेतलं जातं. तिथं माळ आहे, बालाघाटाच्या उघड्या टेकड्या आहेत, मांजरा-तेरणेच्या काठचा ऊस आहे. पण जंगल नाही म्हणजे जनावर नाही, हा समज चुकीचा आहे. हरणांचे कळप, रोही, रानडुकरं, लांडगा, कोल्हा यांना दाट झाडी लागतच नाही. त्यांना माळ आणि शेत पुरतं. 2024 च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात आला आणि तो टिपेश्वरचा असल्याचं निष्पन्न झालं. टिपेश्वर ते येडशी अंतर सरळ रेषेत मोजलं तरी तीनशे किलोमीटर भरतं, आणि नकाशावर या दोन ठिकाणांच्या मधोमध आपलीच शेतं आहेत. तो ज्या कुणाच्या बांधावरून गेला असेल, त्यातल्या बहुतेकांना पत्ताही लागला नसेल.

पत्ता लागत नाही, कारण ही जनावरं आपल्याला टाळून जगतात. 2018 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जगभरातल्या 76 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सहा खंडांतल्या 62 जातींच्या सस्तन प्राण्यांची दिनचर्या तपासली होती. माणसाचा वावर वाढतो तिथं त्यांची रात्रीची हालचाल सरासरी 1.36 पट होते, असं त्यात दिसलं. शिकारी असो, शेती असो की नुसते फिरायला आलेले लोक असोत, जनावरं दिवस सोडतात आणि रात्र धरतात. कारखान्यात जशा पाळ्या लागतात, तशी एकाच शिवाराची दोघांत वाटणी झालेली आहे. सूर्य वर असेतो ते आपलं, अंधार पडला की त्यांचं. दिवेलागण आणि पहाट या पाळी बदलण्याच्या वेळा, आणि गाठ पडण्याची भीती तेव्हाच जास्त.

आता प्रश्न असा की आपला माणूस त्यांच्या पाळीत रानात का जातो? हौसेनं कुणी जात नाही. शेतीपंपाची थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळते. ती ज्या रात्री असेल, त्या रात्री आखाड्यावर मुक्काम करावा लागतो, बारा-एकला उठून मोटार चालू करावी लागते, चिखलात उतरून हरभऱ्याचं नाहीतर उसाचं पाणी मोडावं लागतं. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात मोबाइलचा उजेड, आणि पायात बहुधा काही नसतं. याच वेळी उंदरामागे घोणस फिरते, नाग फिरतो, डुकरांचा कळप उसातून बाहेर पडतो. माझं स्पष्ट मत आहे की दिवसा वीज देणं हा मराठवाड्यातला वन्यजीवांपासून संरक्षणाचा सगळ्यात मोठा उपाय आहे, आणि त्याची चर्चा फक्त वीजबिलाच्या भाषेत होते हे दुर्दैव आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. ज्या फीडरला सौरवीज जोडली जाते, तिथल्या शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येतं. ग्रामसभेनं ही मागणी करताना सर्पदंशाची आणि हल्ल्यांची नोंद सोबत जोडावी. अर्जाला वजन येतं.

साप हा शब्द आला आहे तर त्याच्याजवळ जरा थांबू. वाघ-बिबट्याची बातमी होते, पण माणसं मरतात ती सापानं. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे 12 लाख लोक गेले, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. म्हणजे वर्षाला 58 हजार. त्यातले बहुसंख्य खेड्यांतले, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पेरणी-खुरपणीच्या महिन्यांतले. आपल्याकडे जीव घेणारे साप प्रामुख्यानं चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस शेतात पायाखाली सापडते. मण्यार मात्र घरात येते. रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते. तिचे दात इतके बारीक की दंश जाणवत नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोरगं पोटात दुखतंय म्हणून रडतं, मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही. घरचे अपचन समजून ओवा देतात आणि मोलाचे दोन तास जातात. पावसाळ्यात सकाळी अशी लक्षणं दिसली तर दंशाची खूण शोधत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. बाजेवर झोपणं आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचणं, एवढ्यानं मण्यारीचा धोका बराच कमी होतो.

चावल्यावर करायचं ते थोडंच आहे. माणसाला चालवायचं नाही, हात किंवा पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही, अंगठी-जोडवी-कडं काढायचं, 108 ला फोन लावायचा. दोरीनं आवळणं, चीर देणं, तोंडानं ओढणं यांनी नुकसानच होतं. प्रतिविष या चारही सापांवर एकच असतं. लहान मुलालाही ते मोठ्या माणसाइतकंच लागतं, कारण सापानं सोडलेलं विष तेवढंच असतं. साप मारून दवाखान्यात आणायची गरज नाही, त्या धांदलीत दुसरा माणूस चावून घेतो. किनवट-माहूरच्या वाडी-तांड्यांवरून नांदेडच्या विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरहून लांब पडतं. त्यामुळे प्रतिविषाचा पहिला डोस जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातच सुरू व्हायला हवा. तिथं साठा आहे की नाही, हे सरपंचानं पावसाळ्याआधी विचारून ठेवलं पाहिजे.

किनवट-माहूरच्या रानात सर्वांत जपून राहावं लागतं ते अस्वलापासून. परिसरातल्या गोंड, कोलाम, आंध कुटुंबांना हे वेगळं सांगायला नको. वाघ-बिबट्या माणसाची चाहूल लागली की सहसा बाजूला होतात. अस्वलाचं तसं नाही. त्याची नजर अधू, आणि वारुळाला तोंड लावून वाळवी ओढताना ते इतका मोठा आवाज करतं की माणसाच्या पावलांचा आवाज त्याच्या कानावर जात नाही. माणूस दहा-पंधरा पावलांवर आला की ते दचकतं. वाघाच्या रानात वाढलेलं हे जनावर दचकलं की पळत नाही, अंगावर येतं. त्याची लांब नखं तोंडावर आणि डोक्यावर बसतात. झाडावर चढूनही सुटका नाही, ते आपल्याहून चांगलं चढतं.

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळायला लागतो तेव्हा हा धोका शिगेला पोचतो. मोहाची फुलं रात्रीपासून पहाटेपर्यंत टपटप गळतात. मऊ, पिवळसर, रसाळ. उन्हं वर आली की ती सुकतात, आणि तोवर गुरं, हरणं, वानरं त्यावर ताव मारतात. म्हणून बाया-पोरं टोपली घेऊन चारलाच निघतात. अस्वलही त्याच वासावर, त्याच झाडाखाली, त्याच वेळी आलेलं असतं. वाकून फुलं वेचणारी बाई आणि खाली मान घालून फुलं खाणारं अस्वल, दोघांनाही एकमेकांचं भान नसतं.

‘अंधारात जाऊ नका’ असं नुसतं सांगून हे थांबत नाही. एका घरानं पहाटे चारला जायचं ठरवलं की शेजारच्या घराला जावंच लागतं, नाहीतर फुलं दुसऱ्याच्या टोपलीत जातात. त्यामुळे हा निर्णय एकट्यादुकट्यानं घेण्याचा नाहीच. झाडं कुणी कोणती वेचायची आणि चांगलं उजाडल्याशिवाय कुणीच निघायचं नाही, असा ठराव सगळ्या पाड्यानं मिळून केला तर कुणाचंच नुकसान होत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना वनोपज वेचण्याचे असे नियम करण्याचा अधिकार आहे. झाडाखाली जुनी जाळी किंवा कापड पसरलं तर फुलं मातीत जात नाहीत, आणि फुलं नीट दिसावीत म्हणून पाचोळा पेटवायची गरजही उरत नाही. उन्हाळ्यातले कितीतरी वणवे या पाचोळ्यापासूनच सुरू होतात. रानात जाताना दोघा-तिघांनी मिळून जावं, बोलत जावं, काठी आपटत जावं. ताजी उकरलेली वारुळं दिसली की तिथून मागं फिरावं. आणि अस्वल अंगावर आलंच, तर पालथं पडून मानेवर दोन्ही हात घट्ट धरावेत, तोंड जमिनीकडे. ते बहुधा धडक देऊन निघून जातं, आणि डोळे, चेहरा, मान वाचली तर माणूस वाचतो.

बिबट्या दिसला की गावातून पहिली मागणी येते पिंजऱ्याची. ती का येते हे समजतं. पोटच्या पोराची भीती असते. पण पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरचा अनुभव आपण लक्षात ठेवला पाहिजे. 2001 नंतर तिथं उसातले बिबटे मोठ्या संख्येनं पकडून दूरच्या जंगलात सोडले गेले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, ते या काळात 17 वर गेले. जिथं सोडले त्या भागांतही हल्ले झाले. अनोळखी जागेत टाकलेलं, पिंजऱ्यात जखमी झालेलं जनावर बिथरतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो. माणसावर खरोखर हल्ला करणारं जनावर पकडावंच लागतं, त्यात वाद नाही. पण नुसता दिसला म्हणून पकडलेला बिबट्या गावाला अधिक सुरक्षित करत नाही.

त्याच संशोधकांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या खोऱ्यात कॅमेरे लावले. जंगल नाही, सगळीकडे शेती, चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं. तरीही दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आणि जवळपास तेवढेच तरस सापडले. ते खातात काय? बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला तर त्याच्या आहारात वजनानं 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. लातूर-नांदेडच्या ऊसपट्ट्यानं यातून घ्यायचं ते हे: कोंबड्यांची घाण, मेलेलं ढोर, लग्नाचं उरलेलं जेवण गावाच्या कडेला टाकलं की कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. उकिरडा आवरणं हे बिबट्याला लांब ठेवण्याचंच काम आहे. आखाड्यावरचं वासरू, शेळी रात्री उघड्यावर दाव्याला बांधू नये. गोठ्याला वरूनही जाळी हवी, कारण बिबट्या भिंत चढून उतरतो. संध्याकाळनंतर लहान मुलाला एकटं परसाकडे पाठवू नये. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला चार पायांच्या भक्ष्यासारखा दिसतो. ऊसतोड कामगारांच्या कोप्या उसाच्या अगदी कडेला पडतात, दाराला झडप नसते, मुलं भुईवर झोपलेली असतात. त्या कोप्यांना उजेड, जाळी आणि फडापासून अंतर देणं ही कारखान्यानं आणि मुकादमानं घ्यायची जबाबदारी आहे. फडात बिबट्याची पिल्लं सापडली तर हात लावू नये, फोटोसाठी उचलू नयेत. त्या कोपऱ्यातली तोड थांबवून वनरक्षकाला कळवावं. मादी जवळच असते आणि रात्रीतून पिल्लं हलवते.

शेतकऱ्याला रोज छळतात मात्र हरीण, रोही आणि डुक्कर. ही हानी लहान नाही. रात्रीत अर्धा एकर हरभऱ्याचे शेंडे जातात, ज्वारी आडवी होते, भुईमूग उकरला जातो. लातूर-नांदेडच्या रस्त्यावरून जाताना शेताभोवती बांबूंना बांधलेल्या जुन्या साड्यांचं रंगीबेरंगी कुंपण दिसतं. वाऱ्यानं फडफडतं, माणसाचा वास असतो, म्हणून सुरुवातीला जनावर बिचकतं. आठ-पंधरा दिवसांत ते सरावतं. म्हणून साड्या पीक कोंबात असताना किंवा दाणा भरताना, नेमक्या नाजूक दिवसांतच लावाव्यात आणि जागा बदलत राहावं.

जे कधीच करू नये, ते म्हणजे कुंपणात लाइनचा करंट सोडणं. 230 व्होल्टचा प्रवाह अखंड वाहतो, स्नायू आवळले जातात आणि तार हातातून सुटत नाही. मरतं ते दरवेळी डुक्करच नसतं. कधी पाणी द्यायला आलेला भाऊ असतो, सालगडी असतो, गवत कापायला आलेली शेजारीण असते. आणि गुन्हा दाखल होतो. लोक ज्याला झटका मशीन म्हणतात, त्याची गोष्ट वेगळी आहे. सौर पॅनलवर भरलेल्या 12 व्होल्टच्या बॅटरीवरून ते सेकंदाला साधारण एकदा, क्षणाच्याही अंशापुरता, उच्च दाबाचा पण अत्यल्प ऊर्जेचा ठोका देतं. जनावर दचकून मागं सरतं, माणसाचा हात लागला तर लगेच सुटतो. पण मशीन प्रमाणित असावं, तारेखालचं गवत कापत राहावं, आणि पैसे वाचवण्यासाठी ते कधीही थेट मेनलाइनला जोडू नये. पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून सलग कुंपण केलं तर खर्चही वाटला जातो. एकट्यानं केलं की डुकरं शेजाऱ्याच्या रानात शिरतात, आणि गावात नवं भांडण उभं राहतं.

रस्त्याविषयी थोडंसं. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा महामार्ग रुंद झाल्यापासून गाड्या सुसाट जातात. ताशी 80 च्या वेगात गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढं जाते. अंधारातून रोही रस्त्यावर आला की मोटारसायकलवाल्याला ब्रेक दाबायलाही अवधी राहत नाही. एक रोही ओलांडून गेला की मागून दुसरा येतो, हे ध्यानात ठेवून थांबावं.

लांडग्याबद्दल दोन शब्द, कारण त्याची बाजू घेणारं कुणी नसतं. माळावरच्या धनगरांना तो जुना शेजारी आहे. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढ्या कोंडल्या, राखणीला कुत्री ठेवली की नुकसान आटोक्यात राहतं, हे ते जाणतात. खरी भीती पिसाळलेल्या लांडग्याची किंवा कोल्ह्याची. दिवसाढवळ्या गावात शिरून दिसेल त्याला चावणारं जनावर रेबीजग्रस्त असू शकतं. चावा कुत्र्याचा असो, कोल्ह्याचा असो की वानराचा, जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. खोल जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. हळद-चुना भरू नये.

जनावर विहिरीत पडलं किंवा घरात शिरलं की गर्दी जमते, आणि मग वॉकरच्या झुडपातलीच गोष्ट पुन्हा घडते. मराठवाड्यात बिनकठड्याच्या विहिरी शेकड्यांनी आहेत. पडलेल्या बिबट्याला पाण्यात टेकायला बाज दोरानं सोडावी, 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर फोन करावा आणि लोकांना लांब हटवावं. तरण्या पोरांनी मोबाइल काढून कडं केलं की बाहेर पडणाऱ्या जनावराला वाट राहत नाही. पोलीस पाटलानं अशा वेळी आधी एक बाजू मोकळी करावी. दुसरं काही जमलं नाही तरी चालेल.

राहता राहिली भरपाई. वाघ-बिबट्यानं गाय, बैल, शेळी मारली तर 48 तासांच्या आत, आणि पिकाचं नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाकडे कळवावं लागतं. माणूस दगावला तर वारसांना 25 लाख रुपयांची तरतूद आहे. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवू नये, फोटो काढून ठेवावेत, सातबारा तयार ठेवावा. पिकाच्या पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायकही लागतात. गरीब माणूस तालुक्याच्या चकरा मारून थकतो आणि अर्ज सोडून देतो, ही तक्रार खरी आहे. तिचा परिणाम रानात दिसतो. पैसे मिळण्याची आशा नसलेला कुणीतरी रागाच्या भरात मेलेल्या गुरावर विषारी औषधाची बाटली ओततो. वाघ आणि बिबट्या आपल्या शिकारीवर परत येतात. कोल्हे येतात, तरस येतं, गावची कुत्री येतात, आणि सगळी तिथंच पडतात. पैसे वेळेवर हाती आले तर ती बाटली कुणी उघडत नाही. म्हणून गावात संगणक चालवणाऱ्या एखाद्या पोरीनं किंवा पोरानं हे अर्ज भरून द्यायचं काम अंगावर घ्यावं, आणि ग्रामपंचायतीनं कुणाचा अर्ज कुठं अडला आहे त्याची यादी दर महिन्याला वनपरिक्षेत्र कार्यालयात नेऊन द्यावी.